ओट्याचा दगड आणि लिंबाची फोड

सोलापुरात जुन्या घराचे स्वयंपाकघर नव्याने करायचे ठरले की पहिला प्रश्न ओट्याचा असतो, आणि दुकानात गेल्यावर तो बहुधा रंगावर येऊन थांबतो. काळा घ्यावा की हिरवट, ठिपक्यांचा घ्यावा की रेषांचा, यावर घरातली सगळी मंडळी मत देतात. परंतु तो दगड कोणत्या खनिजाचा आहे, हे क्वचितच कोणी विचारते. हात आखडता असताना तर हाच प्रश्न आधी विचारायला हवा, कारण ओट्याचे आयुष्य रंगावर नव्हे, खनिजावर ठरते.

आपल्याकडच्या कितीतरी जुन्या ओट्यांवर आणि जमिनींवर शहाबादी फरशी आहे, त्याला कारण भूगोल आहे. सोलापूर ज्या काळ्या खडकावर वसले आहे तो बेसाल्ट, म्हणजे सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा थर होय. आग्नेयेकडे, भीमेच्या खोऱ्यातून कर्नाटकात उतरत गेले की हा थर संपतो आणि त्याखालचा कितीतरी अधिक प्राचीन चुनखडक उघडा पडतो. सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर, कलबुर्गीच्या पुढे असलेले शहाबाद याच चुनखडकावर आहे. तो पातळ थरांत सहज सुटतो, म्हणून फरशीला सोयीचा आणि स्वस्त. आणि त्याच भागातले सिमेंटचे कारखानेही त्याच्यावरच चालतात. आंध्र प्रदेशातून येणारा काळा कडप्पा आणि महागडा संगमरवर दिसायला निरनिराळे असले, तरी रसायनशास्त्राच्या दृष्टीने ते शहाबादीचे सख्खे भाऊ आहेत. तिघांचाही मुख्य घटक एकच, कॅल्शियम कार्बोनेट.

या घटकाचे आम्लाशी जमत नाही. लिंबातले सायट्रिक आम्ल किंवा चिंचेतले टार्टारिक आम्ल त्याच्यावर पडले की कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो आणि पृष्ठभागाचा सूक्ष्म थर झिजतो. चकाकी जाऊन जो पांढरट, खरखरीत ठिपका उरतो, तो डाग नसून जखम असते. त्यामुळे कितीही घासले तरी तो निघत नाही, उलट वाढतो. आमटीला चिंच कोळणाऱ्या घरात असे ठिपके पडायला फार दिवस लागत नाहीत.

याहून घातक गोष्ट बोअरच्या जड पाण्यामुळे घडते, आणि तिच्याकडे मला विशेष लक्ष वेधावेसे वाटते. सिंकभोवती वाळलेल्या पाण्याचा जो पांढरा थर बसतो, तोही मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटच असतो. तो काढण्यासाठी व्हिनेगर किंवा फरशी धुण्याचे अॅसिड वापरले जाते. ते क्षार विरघळवते खरे, पण खालचा कडप्पाही त्याच पदार्थाचा असल्याने दोघांत भेद करत नाही. ओटा बसवून झाल्यावर सिमेंटचे शिंतोडे काढण्यासाठी गवंडी अॅसिडने धुऊन देऊ म्हणतात, तेव्हा चुनखडकाच्या बाबतीत त्यांना स्पष्ट नकार द्यावा.

ग्रॅनाइटची गोष्ट वेगळी आहे. त्यात क्वार्ट्‌झ आणि फेल्डस्पार ही सिलिकेट खनिजे असतात आणि स्वयंपाकातल्या आम्लांचा त्यांच्यावर जवळजवळ परिणाम होत नाही. काठिण्याच्या 1 ते 10 अशा मोह्‌स मापनात कॅल्साइट, म्हणजे चुनखडकातल्या कॅल्शियम कार्बोनेटचे खनिज, 3, फेल्डस्पार 6 आणि क्वार्ट्‌झ 7 वर आहे, तर सुरीचे पोलाद साधारण साडेपाचच्या आसपास येते; म्हणजे सुरी कडप्प्यावर ओरखडा काढते, ग्रॅनाइटवर सहसा नाही. बाजारात ज्याला काळा ग्रॅनाइट म्हणतात तो शास्त्रीय अर्थाने बहुधा ग्रॅनाइट नसतो, तो बेसाल्टच्या कुळातला, पण तसाच तप्त रस जमिनीखाली थिजून घडलेला खडक असतो. त्याने निराश होण्याचे कारण नाही. आपला पाटा-वरवंटाही बेसाल्टचाच, आणि तो पिढ्यान्‌पिढ्या चिंच-मिरची वाटत आला आहे.

मात्र हलक्या प्रतीचा करडा दगड रंगवून काळा म्हणून विकला जाण्याची शक्यता असते. म्हणून दुकानातून हातभर तुकडा मागून घ्यावा आणि घरी तीन गोष्टी कराव्यात. नेलपॉलिश काढण्याच्या द्रवात, म्हणजे अॅसिटोनमध्ये, भिजवलेला पांढरा कापूस त्यावर घासावा. काळपटपणा उतरला तर दगड रंगवलेला आहे. लिंबाची फोड पंधरा मिनिटे पालथी ठेवून मग पुसावे. चकाकी गेली तर त्यात चुना आहे. पाण्याचे काही थेंब तेवढाच वेळ राहू द्यावेत. खालचा दगड गडद झाला तर तो पाणी पितो, म्हणजे उद्या तेल आणि हळदही पिईल.

कृत्रिम क्वार्ट्‌झच्या लाद्या देखण्या असतात, परंतु कमी खर्चाच्या घरासाठी मी त्या सुचवणार नाही. त्यांत वजनाने नव्वद टक्क्यांच्या आसपास क्वार्ट्‌झ असले तरी ते धरून ठेवणारे रेझिन हे प्लॅस्टिकच्या जातीचे असते, आणि भाकरीचा तापलेला तवा थेट टेकला तर ते करपते. व्हिट्रिफाइड टाइल स्वस्त, आम्लाला दाद न देणारी आणि पाणी जेमतेम अर्धा टक्काच शोषणारी. तिचे दुबळेपण सांध्यांत असते, तेव्हा सांधे सिमेंटऐवजी इपॉक्सीने भरून घ्यावेत.

पैसे वाचवण्याची खरी जागा मांडणीत आहे. दहा फूट लांब आणि दोन फूट रुंद ओट्याला वीस चौरस फूट दगड लागतो, पण तो सगळा एका प्रतीचा असलाच पाहिजे असे नाही. शेगडी, सिंक आणि चिरण्याची जागा एवढ्यापुरता ग्रॅनाइट घेऊन डबे ठेवायच्या कोपऱ्याला व खालच्या मांडण्यांना कडप्पा पुरतो. जुना कडप्प्याचा ओटा भक्कम आणि समतल असेल तर तो न फोडता त्यावरच ग्रॅनाइट बसवता येतो, आणि फोडण्याची मजुरी व राडारोड्याचा खर्च वाचतो. उंची मात्र दगड आणि खालचा सिमेंट-वाळूचा मसाला मिळून दीड इंचापर्यंत वाढते, तेव्हा भाकरी थापणाऱ्या व्यक्तीला उभे करूनच ती ठरवावी.

कापणी घरातच होणार असेल तर ती पाण्याची धार सोडून, अंगणात करून घ्यावी. क्वार्ट्‌झची कोरडी धूळ फुप्फुसांत साचून सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार होतो आणि तो बरा होत नाही. याच कारणाने ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून कृत्रिम दगडाच्या लाद्यांवर बंदी घातली. ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्‌झ कमी असले तरी असतेच, म्हणून कटर चालवणाऱ्या कारागिराने नुसता रुमाल बांधून भागत नाही. त्याच्यासाठी चांगला मास्क आणि पाण्याची नळी या दोन्ही गोष्टी आपणच तयार ठेवाव्यात.