ऑस्ट्रियाचा गरुड आणि सोव्हिएत विळा-हातोडा

काळा गरुड, एका पंजात सोनेरी विळा, दुसऱ्यात सोनेरी हातोडा. ऑस्ट्रियाचं हे राजचिन्ह पाहिलं की धुळ्या-जळगावच्या अभ्यासिकेतली पोरं लगेच तर्क लढवतात: महायुद्धानंतर 1955 पर्यंत तिथं रशियन फौज होतीच की, तिनंच विळा चिकटवला असणार! तर्क झकास, पण विळा त्याआधीचा आहे. राजेशाही गेल्यावर 1919 मध्ये प्रजासत्ताकानं तो गरुडाच्या पंजात दिला. रशियात विळा-हातोड्याची जोडी 1918 ची, त्यामुळे घोळ होणं साहजिकच.

फरक कळतो तो गरुडाच्या डोक्याकडे पाहिल्यावर. तिथं शहराच्या तटासारखा, तीन कंगोऱ्यांचा मुकुट आहे. विळा शेतकऱ्याचा, हातोडा कामगाराचा आणि तो मुकुट शहरी मध्यमवर्गाचा. तिघं मिळून राज्य, असा त्याचा अर्थ. सोव्हिएत चिन्हात या तिसऱ्या गड्याला जागाच नाही. तिथं दोन अवजारं एकमेकांवर आडवी टाकलेली, कारण सांगायची आहे ती शेतकरी-कामगारांची एकजूट. 1923 च्या चिन्हात खाली पृथ्वीचा गोल नि उगवता सूर्य, भोवती कणसांच्या पेंढ्या, वर तारा. गरुडाच्या पंजांत मात्र अवजारं वेगवेगळी. विळा उजव्या पंजात, पण उजवा गरुडाचा, म्हणजे बघणाऱ्याच्या डावीकडे. राजचिन्हांत उजवं-डावं ढाल धरणाऱ्याच्या बाजूनं मोजतात; परीक्षेत इथंच पाय घसरतो.

1934 च्या हुकूमशाही राजवटीला ही अवजारं नकोशी झाली. तिनं दोन डोक्यांचा गरुड आणला, अवजारं गेली. 1945 मध्ये जुना गरुड परतला, पायांत तुटलेली साखळी घेऊन. मला तर ही साखळीच विळ्यापेक्षा जास्त बोलकी वाटते.

आपल्याकडे दादर, म्हणजे रब्बी ज्वारी, सोंगायला वापरतात तो विळा कुणा पक्षाचा नसतो, पण मतदान यंत्रावर आला की होतो. तिथंही दोघांत गल्लत होते. भारतीय कम्युनिस्ट पक्षाची निशाणी कणीस आणि विळा. 1964 च्या फुटीनंतरच्या मार्क्सवादी पक्षाची हातोडा, विळा आणि तारा. गंमत म्हणजे पहिल्या पक्षाच्या लाल झेंड्यावर विळा-हातोडाच असतो, कणीस फक्त निवडणुकीत दिसतं.