पार्श्वभूमी : गॅरेजातले विमान आणि ५१ टक्क्यांचा वाद

सुट्या भागांच्या संचातून घरी बांधायच्या किट विमानासाठी गॅरेज मोकळे करताना आज आधी टेबलांची लांबी मोजली जाते. १९८० च्या दशकात अमेरिकेतला हौशी बांधणारा आधी छत बघायचा. आरव्ही-४ किंवा आरव्ही-६ या किट विमानांच्या पंखासाठी जमिनीपासून छतापर्यंत खांब पक्के करावे लागत. स्पार म्हणजे पंखाचा मुख्य कणा त्यांच्यावर आडवा बसवायचा, त्याला फासळ्या जोडायच्या आणि पंखाला पीळ पडलेला नाही ना, हे ओळंबा सोडून तपासायचे. धडाचा सांगाडा दुसऱ्या जिगवर, म्हणजे भाग सरळ धरून ठेवणाऱ्या चौकटीवर, उलटा बांधला जाई. जिग एकदा सरळ लागला की तो भाग पुरा होईपर्यंत हलवायचा नाही, म्हणजे गाडी तितके महिने रस्त्यावर.

त्याआधीचा काळ लाकूड-कापडाचा. १९३० च्या सुमारास मोटारीच्या इंजिनावर उडणारी एअर कॅम्पर लोक आराखड्यांवरून बांधत होते. हौशी बांधणीला अमेरिकेत स्वतंत्र कायदेशीर वर्ग मिळाला तो १९५० च्या दशकाच्या सुरुवातीस. १९७५ मध्ये व्हेरीईझी उडाली. तिचा फोमचा गाभा तापलेल्या तारेने कापायचा आणि त्यावर काचतंतू व इपॉक्सी चढवायचे. या पद्धतीने गॅरेजात ऊब, हवा खेळती ठेवण्याची सोय आणि हातमोजे आणले. थंडीत इपॉक्सी नीट मुरत नाही आणि सतत त्वचेला लागले तर कायमची ॲलर्जी होते.

खरा बदल संगणकाने भोके पाडलेल्या पत्र्यांनी केला. १९९० च्या दशकात ही सोय वाढत गेली आणि २००१ च्या सुमारास आलेल्या आरव्ही-७ मध्ये फासळीचे भोक आणि पत्र्याचे भोक आपसूक जुळू लागले. क्लेको, म्हणजे भोकांतून पत्रे तात्पुरते धरणारे चिमटे, लावले की भाग स्वतःच सरळ बसतो. खांब गेले आणि चाके लावलेली दोन टेबले, कॉम्प्रेसर व पंख उभे ठेवायचा घोडा एवढ्यावर काम भागू लागले.

पण जे काम गॅरेजातून गेले ते कारखान्यात गेले, आणि तिथेच वाद पेटला. विमानाचा मोठा भाग स्वतःच्या शिक्षणासाठी किंवा विरंगुळ्यासाठी हौशी माणसाने घडवलेला आणि जोडलेला असावा, अशी अमेरिकी नियमाची अट आहे. लोक तिला ५१ टक्के म्हणतात आणि बहुतेकांना ते तास वाटतात. मोजणी तासांची नाही, वजनाची नाही, पैशांचीही नाही. ती कामांच्या यादीवर होते. इंजिन, प्रोपेलर, चाके, उपकरणे बांधणाऱ्याने बनवावीत अशी अपेक्षाच नाही. एकसारख्या फासळ्यांतली प्रत्येक फासळी स्वतः करायचीही सक्ती नाही. म्हणूनच अर्धे बांधून आलेले किटही नियमात बसू शकते.

२००० च्या दशकात पैसे घेऊन दुसऱ्यासाठी विमान बांधून देणारे वाढले. एका किट-उत्पादकाने तर ग्राहकाला कारखान्यात बोलावून दोन आठवड्यांत विमान धावपट्टीपर्यंत नेण्याची योजना काढली. २००८ मध्ये अमेरिकेच्या विमान नियामकाने नव्या किटचे मूल्यमापन थांबवले आणि मसुदा आणला: किमान २० टक्के घडवणे, २० टक्के जोडणे, उरलेले ११ टक्के कशाचेही. हौशी मंडळींनी कडाडून विरोध केला, आणि तो रास्तच होता. गैरवापर मूठभरांचा होता. मसुद्याची झळ मात्र रात्री जेवणानंतर दोन तास गॅरेजात घालवणाऱ्याला बसणार होती. अचूक भोके पडलेल्या पत्र्याने पंख अधिक सरळ होतो. तोच पत्रा हाताने घडवायला लावून सुरक्षितता वाढली नसती. २००९ च्या अंतिम धोरणातून ही विभागणी वगळली गेली. नव्या तपासणी यादीत मात्र कारखाना, भाडोत्री मदतनीस आणि हौशी माणूस यांचे वाटे वेगवेगळे नोंदवले जाऊ लागले.

२००४ च्या हलक्या क्रीडा विमानांच्या नियमाने आणखी एक वाट काढली होती. त्या वर्गातल्या किटला मोठ्या भागाची अट नाही. उत्पादकाच्या सूचनांप्रमाणे बांधले म्हणजे झाले. आरव्ही-१२ त्या वाटेने आली. तिचे बहुतेक रिव्हेट, म्हणजे पत्रे कायमचे जोडणारे खिळे, एका बाजूने ओढून बसतात, पलीकडून लोखंडी ठोकळा धरायला दुसरा माणूस लागत नाही.

बाकीच्यांना मात्र पुरावा ठेवावाच लागतो: तारखांसह नोंदवही आणि काम करतानाची छायाचित्रे. त्यामुळे वर्कबेंचवरच्या दिव्यांची जागा आता छायाचित्रात काम नीट दिसेल अशी ठरवली जाते.