सुकी मासळी (मराठवाडा)

ऊन, मीठ किंवा दोन्ही वापरून मासे टिकवण्याच्या पद्धती आणि मराठवाड्यातील त्यांचा वापर. मराठवाड्याच्या आठांपैकी एकाही जिल्ह्याला समुद्र नाही. तरीही आठवडी बाजारात वाळल्या मिरचीच्या आसपास सुकट-बोंबलाची पोती हटकून दिसतात. इथे खाल्ली जाणारी बहुतेक सुकी मासळी वाळते किनाऱ्यावर. मराठवाड्यात ती जपली जाते. नदीतल्या मासोळ्या वाळवण्याची इथली स्वतःची रीतही आहे, पण तिचा व्याप लहान.

मासा नासतो तो अंगातल्या पाण्यामुळे. ते काढून टाकले किंवा मिठाने बांधून ठेवले, की बहुतेक जिवाणूंचे काही चालत नाही. ताज्या बोंबलात ८५ ते ९० टक्के पाणीच असते, त्यामुळे किलोभर मासा वाळला की जेमतेम दीडशे ग्रॅम उरतो. पालघर-वसईच्या किनाऱ्यावर बांबूच्या वलांड्यांवर दोन-दोन बोंबील जबड्यात जबडा अडकवून टांगतात आणि तीन ते पाच दिवस ऊन-वारा खाऊ देतात. त्याला सहसा मीठ लावत नाहीत. सुकटीचा जवळा, म्हणजे अगदी बारीक कोळंबी, तर नुसता पसरून वाळवतात. बांगड्यासारख्या तेलकट माशाचे पोट साफ करून साधारण तीन-चार भाग माशाला एक भाग मीठ भरतात, हा ‘खारा’. वाळवणाने पाणी जाते, तेल जात नाही. त्यामुळे तेलकट मासा हवा लागून खवट होतो आणि पिवळा पडतो.

हा माल घाट चढून येतो. १९०० च्या सुमारास मनमाडहून छत्रपती संभाजीनगर (तेव्हाचे औरंगाबाद), जालना, परभणी, नांदेडमार्गे हैदराबादकडे रेल्वे झाली आणि मुंबईकडचा माल इकडे येणे सोपे झाले. सुकी मासळी हलकी, बर्फ न मागणारी आणि मटणापेक्षा स्वस्त. कोरडवाहू गावात ती रुजायला एवढे पुरेसे होते.

नदीकाठची गोष्ट वेगळी. गोदावरी, पूर्णा, मांजरा, सिंदफणा यांच्या काठी मासेमारी मुख्यतः भोई, कहार व कोळी समाजांकडे आहे. उन्हाळ्यात डोह आटले की जाळ्यात बारीक मासोळी आणि झिंगे भरपूर येतात आणि ताजे विकून संपत नाहीत. ते धुऊन तापल्या खडकावर किंवा जुन्या लुगड्यावर पसरतात. चाळिशी ओलांडणारा पारा आणि कोरडी हवा यांमुळे हे काम झटपट उरकते. मोठा मासा असेल तर पोट फाडून, आतडी काढून, मांसात आडव्या चिरा पाडून मीठ-हळद चोळतात. चिरा पाडल्या नाहीत तर कण्याजवळ ओल राहते आणि वास तिथूनच सुरू होतो. मरळ माशाला यातले काही लागत नाही. तो हवेतही श्वास घेतो, म्हणून घागरीत चार ओंजळी पाण्यात जिवंत राहतो. १९७६ मध्ये पैठणचे जायकवाडी धरण झाले आणि नाथसागरात रोहू-कटल्याला मोठे पाणी मिळाले. मोठा मासा आता बर्फात घालून शहराकडे जातो. वाळवण्याच्या वाट्याला बारीकच उरते.

खरी कारागिरी घेणारणीच्या हातात असते. चांगला बोंबील वाकवला की कडकन मोडतो. नुसता वाकला तर तो सादळलेला, म्हणजे वजनात पाणी विकत घेतलेले. सुकटीची मूठ आवळून सोडल्यावर गोळा राहिला तर ती पोत्यातच परत. खाऱ्या माशावर गुलाबी झाक दिसली तर घेऊ नये; ती मिठातच वाढणाऱ्या जिवाणूंची असते. घरी आणल्यावर पुन्हा एक-दोन कडक उन्हे दाखवून माल घट्ट झाकणाच्या डब्यात भरतात. ही तयारी मृगाच्या आत उरकायची, कारण पावसाळी हवेत बुरशी आणि किडे दोन्ही येतात. त्यातच १ जून ते ३१ जुलै या काळात किनाऱ्यावर यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते.

सुकट आधी सुपात पाखडतात, म्हणजे वाळू आणि मिशा निघून जातात. मग कोरडीच तव्यावर भाजून लसूण-मिरचीबरोबर ठेचली की भाकरीला चटणी होते. बोंबील निखाऱ्यावर भाजून किंवा वांग्याबरोबर काळ्या मसाल्यात रस्सा करून खातात. वास दूरवर जातो. घरात कोणी माळकरी असेल तर भांडे वेगळे ठेवतात, आणि चूलही अंगणात, तीन दगडांची.