स्थिर जोडणी आणि जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमशी सुसंगतता

स्थिर जोडणी : कंपायलरने तयार केलेल्या ऑब्जेक्ट फाइलींत, त्यांना लागणारा लायब्ररींमधील (तयार फंक्शनांच्या संग्रहांमधील) कोडही लिंकर या जोडणाऱ्या साधनाकरवी कायमचा उतरवून एकच बायनरी, म्हणजे चालवण्याजोगी फाइल, बनवण्याची पद्धत. व्यवहारात हिला स्टॅटिक लिंकिंग म्हणतात. अशी बायनरी सुरू होताना बाहेरची लायब्ररी शोधत नाही, म्हणून ती कितीही जुन्या यंत्रावर चालेल असा समज रूढ आहे. तो अर्धाच खरा आहे. लायब्ररीवरचे अवलंबन संपते, पण कर्नलवरचे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यावरचे, राहतेच. या नोंदीत मुख्यतः लिनक्सचा विचार केला आहे.

सुरुवातीच्या युनिक्सवर प्रोग्रॅम असेच जोडले जात, त्यामुळे या पद्धतीला वेगळे नाव देण्याची गरज नव्हती. ‘स्थिर’ हे विशेषण गतिक जोडणी, म्हणजे प्रोग्रॅम चालवतानाच लायब्ररी जोडण्याची पद्धत, आल्यावर चिकटले असावे. गतिक जोडणीचा उगम कोठे मानावा, याबद्दल दोन मते आढळतात. एक मत १९६० च्या दशकातील मल्टिक्स या ऑपरेटिंग सिस्टीमकडे बोट दाखवते. तेथे प्रोग्रॅमने एखाद्या सेगमेंटला (स्मृतीतील विभागाला) पहिल्यांदा हात लावला की त्या क्षणी दुवा पक्का होई. दुसऱ्या मतानुसार आजच्या अर्थाने गतिक जोडणी सन कंपनीच्या सनओएस ४.० या युनिक्सपासून, म्हणजे १९८८ च्या सुमारास सुरू होते. लायब्ररीची फाइल स्मृतीत कोठेही बसवता येणे आणि तिच्यातील कोड कोणत्याही पत्त्यावरून चालणे, या दोन गोष्टी युनिक्सच्या जगात तेथे एकत्र आल्या. सिस्टीम व्ही या युनिक्सच्या रिलीज ३ मधील सामायिक लायब्ररींचे पत्ते आधीच ठरलेले असत. लिनक्सच्या जुन्या ए.आउट या फाइल-साच्यातील लायब्ररींचेही तसेच होते. या दोन्ही व्यवस्थांत कोड वाटून घेतला जाई, पण बांधणी स्थिरच राही. कल्पनेचे श्रेय मल्टिक्सला द्यावे लागते. सुसंगततेच्या प्रश्नापुरती मात्र सनओएसपासूनची गणना अधिक उपयोगी वाटते, कारण तीच बायनरी दोन यंत्रांवर दोन वेगळ्या लायब्ररींना सामोरी जाण्याची परिस्थिती त्या व्यवस्थेतून पसरली. सिस्टीम व्ही रिलीज ४ सोबत आलेला एल्फ हा फाइल-साचा लिनक्सने १९९५ च्या आसपास स्वीकारला.

लिनक्सवर स्थिर जोडणीकडे वळण्याचे मोठे कारण म्हणजे ग्लिबसी ही सी लायब्ररी. तिच्यातील प्रत्येक फंक्शनवर आवृत्तीची खूण असते. जुना प्रोग्रॅम नव्या ग्लिबसीवर चालावा अशी ही योजना आहे. उलट दिशेची हमी तिच्यात नाही. ऑगस्ट २०२१ च्या २.३४ आवृत्तीत थ्रेडची लायब्ररी मुख्य लायब्ररीत विलीन झाली आणि प्रोग्रॅम सुरू करून देणाऱ्या फंक्शनलाही नवी खूण मिळाली. परिणामी, त्या आवृत्तीवर कंपाइल केलेला चार ओळींचा प्रोग्रॅमही त्याआधीच्या ग्लिबसीवर नाकारला जातो. मुद्दाम जुन्या वितरणावर (लिनक्सच्या जुन्या तयार संचावर) कंपाइल करणे हा यावरचा एक उपाय. पायथनच्या पॅकेजांसाठी २०१६ मध्ये ठरलेल्या मेनीलिनक्स१ या संकेताने त्यासाठी सेंटओएस ५ पायाभूत धरले होते. दुसरा उपाय स्थिर जोडणी.

या दुसऱ्या उपायानंतर खरी सीमारेषा सिस्टीम कॉलवर, म्हणजे प्रोग्रॅम कर्नलकडे करतो त्या मागणीवर, येते. प्रत्येक कॉलला ठरलेला क्रमांक असतो आणि लिनक्सवर एकदा दिलेला क्रमांक बदलत नाही. ६४-बिट इंटेल कुळात वाचनाचा क्रमांक ० व लेखनाचा १ आहे. चालणारे प्रोग्रॅम कर्नलने मोडायचे नाहीत, हा लिनक्सचे जनक लिनस टॉरव्हाल्ड्स यांचा आग्रह प्रसिद्ध आहे. मात्र हे वचन जुना प्रोग्रॅम व नवे कर्नल या जोडीसाठी आहे. नवा प्रोग्रॅम जुन्या कर्नलवर नेला आणि त्याने अनोळखी क्रमांक पुकारला, तर ‘असा कॉल नाही’ एवढेच उत्तर मिळते. गेटरँडम हा कॉल ३.१७ मध्ये (२०१४), स्टॅटएक्स ४.११ मध्ये (२०१७) आणि क्लोन३ हा ५.३ मध्ये (२०१९) आला. असे उत्तर आल्यावर जुन्या कॉलकडे वळायचे की नाही, हे बायनरीत उतरलेल्या लायब्ररीवर अवलंबून असते, आणि ती निवड जोडणीच्या क्षणीच गोठते. वापरणाऱ्याला नंतर लायब्ररी बदलून सुटका करून घेता येत नाही.

ग्लिबसी बांधतानाच किमान कर्नल ठरवले जाते. ती मर्यादा वर सरकली की त्याखालच्या कर्नलसाठी ठेवलेल्या पर्यायी वाटा काढता येतात. २०१७ च्या २.२६ आवृत्तीने इंटेल कुळासाठीही ३.२ ही मर्यादा घातली. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ६ चे कर्नल २.६.३२ आहे, तेथे अशी स्थिर बायनरी ‘कर्नल फार जुने आहे’ या अर्थाचा संदेश देऊन मुख्य फंक्शनपर्यंत पोहोचण्याआधीच थांबते. ही तपासणी (२०२२ मध्ये ती ग्लिबसीतून काढली गेली) क्रमांकाची असे, क्षमतेची नव्हे. वितरक जुना क्रमांक ठेवून नव्या सोयी मागे आणतात, त्यामुळे चालू शकणारा प्रोग्रॅमही कधी अडवला जाई. शिवाय ग्लिबसीची स्थिर जोडणी पूर्ण स्थिर नसतेच. यजमानाचे (नेटवर्कवरील यंत्राचे) नाव शोधणारी फंक्शने वापरली, तर जोडणीच्या वेळी होती त्याच आवृत्तीच्या सामायिक लायब्ररी चालतानाही लागतील, असा इशारा लिंकर देतो. तो इशारा दुर्लक्षून बायनरी वाटणे धोक्याचे आहे.

२०११ पासून उपलब्ध असलेली मसल ही लायब्ररी या कामासाठी अधिक योग्य मानली जाते. नवा कॉल करून पाहावा, तो नसेल तर जुना करावा, अशी तिची रीत. २०२० च्या १.२.० आवृत्तीत ३२-बिट यंत्रांवर काळ ६४ बिटांत मोजायला सुरुवात झाली, तरी कर्नल जुने असल्यास ती जुन्या कॉलवर उतरते. ही रीतही उत्तर प्रामाणिक असण्यावर विसंबते. काही जुन्या कंटेनर-व्यवस्था (प्रोग्रॅमला त्याच कर्नलवर पण वेगळ्या कप्प्यात चालवणाऱ्या) अनोळखी कॉलला ‘असा कॉल नाही’ऐवजी ‘परवानगी नाही’ असे उत्तर देत; क्लोन३ च्या बाबतीत ग्लिबसीची पर्यायी वाट त्यामुळेच उघडली नाही. गो भाषा सी लायब्ररी टाळून लिनक्सवर थेट कॉल करते; तिच्या १.२४ आवृत्तीला किमान ३.२ कर्नल लागते.

प्रोसेसरचा मुद्दा सहसा विसरला जातो. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९ ची ग्लिबसी ६४-बिट इंटेल कुळाच्या दुसऱ्या पातळीचे (एक्स८६-६४-व्ही२) आदेश गृहीत धरते. ती स्थिर जोडली की ते आदेश बायनरीसोबत प्रवास करतात आणि फार जुन्या प्रोसेसरवर प्रोग्रॅम ‘अवैध आदेश’ म्हणून कोसळू शकतो.

इतर सिस्टीममध्ये सीमारेषा मुळातच वेगळी आखलेली आहे. मॅकओएसवर सिस्टीम कॉल स्थिर राहतील असे वचन नाही. २०१६ च्या सिएरा आवृत्तीत वेळ विचारण्याच्या कॉलचे वर्तन बदलले, तेव्हा गोचे आधी बांधलेले प्रोग्रॅम मोडले; १.११ पासून (२०१८) गोने तेथे सिस्टीमच्या लायब्ररीचा मार्ग धरला. सोलारिस १० मध्ये स्थिर सी लायब्ररी काढून टाकण्यात आली. विंडोजवर सी रनटाइम स्थिर जोडता येतो, परंतु सिस्टीमच्या डीएलएल (सामायिक लायब्ररी) गतिकच राहतात. त्यामुळे व्हिस्टापासून आलेले एखादे फंक्शन आयात केलेली बायनरी एक्सपीवर सुरूच होत नाही.

चाचणीबाबत एक सावधगिरी आवश्यक आहे. जुन्या वितरणाचा कंटेनर घेऊन त्यात बायनरी चालवल्यास फक्त लायब्ररी व फाइली जुन्या असतात. कर्नल कंटेनर चालवणाऱ्या यंत्राचेच असते. स्थिर बायनरीला तर त्या लायब्ररींशी देणेघेणेच नसल्याने अशी चाचणी जवळजवळ काहीच सिद्ध करत नाही. एसट्रेस या साधनाने प्रोग्रॅम कोणते कॉल करतो याची यादी काढावी, ते कोणत्या कर्नलमध्ये आले हे ताडून पाहावे आणि मग आभासी यंत्रात ते जुने कर्नलच सुरू करून त्यावर प्रोग्रॅम चालवावा.