अंतराळात शस्त्रांना बंदी, पण किती?

‘१९६७ च्या करारामुळे अंतराळात कुठलंही शस्त्र नेता येत नाही’ असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. बंदी आहे, पण अर्धीच. या ‘बाह्य अंतराळ करारा’चं (Outer Space Treaty) कलम ४ नेटवर सहज मिळतं, जेमतेम दोन परिच्छेदांचं आहे, वाचून बघा. पहिल्यात अण्वस्त्रं आणि इतर महासंहारक शस्त्रं पृथ्वीच्या कक्षेत ठेवायला मनाई आहे. दुसऱ्यात चंद्रावर वा ग्रहांवर लष्करी तळ आणि शस्त्रचाचण्या नकोत, असं म्हटलंय. कक्षेतल्या साध्या तोफेबद्दल अवाक्षर नाही! सोव्हिएत संघाच्या साल्युत-३ स्थानकावर तोफ होती आणि जानेवारी १९७५ मध्ये ती डागलीही गेली. अंतराळातून जाऊन जमिनीवर पडणारी क्षेपणास्त्रंही या बंदीतून सुटतात, कारण ती कक्षेत फिरत राहत नाहीत. दोन्ही महासत्तांची भिस्त त्यांच्यावरच होती. ही फट चुकून राहिली असं मला तरी वाटत नाही.