ओव्हरले चालत नाही म्हणून डिस्ट्रो बदलू नका: डिस्ट्रो वेगळा, सेशन वेगळं

"गेमसोबत कम्पॅनियन टूल चालवायचंय, कुठला लिनक्स टाकू?" हा प्रश्न दर आठवड्याला दिसतो (कम्पॅनियन टूल म्हणजे गेमसोबत चालून मदत करणारा वेगळा प्रोग्राम) आणि खालची उत्तरंही तीच असतात. एक म्हणतो आर्च टाक, दुसरा म्हणतो मिंट, तिसरा बाझाइट, आणि विचारणारा बिचारा सगळा बॅकअप घेऊन, पेनड्राइव्ह बनवून, रात्रभर जागून नवीन डिस्ट्रो टाकतो आणि सकाळी बघतो तर ओव्हरले (गेमच्या वर दिसायला हवी ती टूलची खिडकी) तसाच गेमच्या मागे लपलेला आणि हॉटकी (टूलला हाक मारायची की) तशीच मुकी. खूप वाईट वाटतं हे वाचून, कारण त्याची अडचण डिस्ट्रोची नव्हतीच, सेशनची होती.

डिस्ट्रो म्हणजे काय ते तुम्हाला माहितीये. कर्नल, ड्रायव्हर, पॅकेज मॅनेजर, अपडेट किती लवकर येतात, हे सगळं. एपीटी की डीएनएफ की पॅकमन याने तुमच्या टूलला काडीचा फरक पडत नाही. रोलिंग की फिक्स्ड यानेही जवळजवळ नाही. एवढंच बघा की डिस्ट्रो फार जुना नको, नाहीतर नवीन बिल्ड केलेलं टूल हवी ती जीलिबसी (सगळ्या प्रोग्रामना लागणारी मूळ लायब्ररी) सापडत नाही म्हणून सुरूच होत नाही (उबुंटू २२.०४ मध्ये जीलिबसी २.३५ आहे, २४.०४ मध्ये २.३९). आणि ॲपइमेज (एकाच फाइलमध्ये येणारा प्रोग्राम) उघडत नसेल तर बहुतेक वेळा लिबफ्यूज२ हे पॅकेज टाकायचं राहिलेलं असतं. डिस्ट्रोचा विषय इथे संपला.

आता सेशन. लॉगिन केल्यावर स्क्रीनवर खिडक्या कोण काढतं, कुठली वर, कुठली खाली, कीबोर्ड कुणाकडे जाणार हे कोण ठरवतं, ते म्हणजे सेशन, आणि ते दोन प्रकारचं: एक्स११ किंवा वेलँड. हे डिस्ट्रोपेक्षा वेगळं आहे याची खात्री करायची असेल तर उबुंटू २४.०४ घ्या, लॉगिन स्क्रीनवर नाव निवडल्यावर कोपऱ्यात दातेरी चाक येतं त्यावर क्लिक करा. तिथे "उबुंटू" (म्हणजे वेलँड) आणि "उबुंटू ऑन एक्सऑर्ग" (म्हणजे एक्स११) असे दोन पर्याय दिसतील. डिस्ट्रो तोच, कर्नल तोच, टूलसुद्धा तेच, आणि एकात जे रुसून बसलंय ते दुसऱ्यात मुकाट्याने चालेल. उलट फेडोरावर केडीई (एक डेस्कटॉप) वेलँड आणि आर्चवर केडीई वेलँड यांत टूलच्या दृष्टीने काहीच बदललेलं नसतं. तरी लोक एकावरून दुसऱ्यावर उडी मारतात.

फरक एवढा मोठा का, तर टूलला काय काय लागतं ते बघा. गेमच्या वर बसायचं, फोकस गेममध्ये असताना आपली हॉटकी ऐकायची, गेमची खिडकी नेमकी कुठे आहे ते शोधायचं, आणि कधीकधी स्क्रीन किंवा क्लिपबोर्ड वाचायचा. पाथ ऑफ एक्झाइलमध्ये आयटमवर कंट्रोल-सी केलं की त्याचा मजकूर क्लिपबोर्डवर येतो आणि किंमत बघणारी टूल्स तोच उचलतात. एक्स११ हा १९८७ चा प्रोटोकॉल. त्यात सगळे प्रोग्राम एकाच घरातले समजले जातात, कुणीही कुणाचीही की ऐकावी, कुणाचीही खिडकी बघावी, स्वतःला हवं तिथे बसवावं. आपल्या टूलला हे फार सोयीचं, पण पासवर्ड चोरणाऱ्या प्रोग्रामलाही तितकंच सोयीचं. २००८ मध्ये सुरू झालेल्या वेलँडने मुद्दाम हा दरवाजा बंद केला. तिथे प्रत्येक प्रोग्रामला फक्त स्वतःचं दिसतं, बाकी सगळं कम्पोझिटरच्या, म्हणजे खिडक्या स्क्रीनवर मांडणाऱ्या प्रोग्रामच्या, हातात. त्यामुळे "वेलँडमध्ये बग आहे" असं कुणी म्हटलं की मला राग येतो, तो बग नाही, ठरवून केलेली गोष्ट आहे.

पण सगळ्यात जास्त लोक जिथे अडकतात ती जागा पुढे आहे, हे नीट वाचा. वेलँड सेशनमध्येही टूल अर्धवट चालतं, आणि त्या "कधी चालतं, कधी नाही"मुळेच सगळा गोंधळ होतो. प्रोटॉनमधून (स्टीमचं विंडोज गेम लिनक्सवर चालवणारं साधन) चालणारा गेम सहसा एक्स११ प्रोग्राम म्हणूनच चालतो, वेलँडमध्ये त्याच्यासाठी एक्सवेलँड नावाची एक छोटी एक्स११ खोली उघडली जाते. तुमचं टूलही एक्स११ चं असेल तर ते त्याच खोलीत जातं, आणि त्या खोलीत जुनेच नियम! दोघं एकमेकांना बघतात, ओव्हरले वर बसतो, हॉटकी चालते. मग तुम्ही ब्राउझरवर जाता, तो खोलीच्या बाहेरचा, फोकस बाहेर गेला की कीबोर्ड आत पोचतच नाही आणि हॉटकी मेली. परत गेममध्ये आलात की जिवंत. लोक म्हणतात टूल भिकार आहे, पण टूलला की ऐकूच आलेली नसते.

याच खोलीमुळे "काल चालत होतं, आज बंद" पण होतं. टूल इलेक्ट्रॉनवर (वेब तंत्राने डेस्कटॉप ॲप बनवायचा सांगाडा) बनलेलं असेल आणि नव्या आवृत्तीत ते आपोआप नेटिव्ह वेलँडवर सुरू व्हायला लागलं, तर ते खोलीबाहेर आलं, त्याला गेम दिसणार नाही. त्याला सुरू करताना ओझोन प्लॅटफॉर्मचा फ्लॅग देऊन जबरदस्तीने एक्स११ वर चालवा. किंवा उलटं, कुणाचं तरी ऐकून तुम्ही प्रोटॉनचा वेलँड ड्रायव्हर चालू केलात, मग गेम बाहेर आणि टूल आत. गेमस्कोपमध्ये (फक्त गेमसाठीचा छोटा कम्पोझिटर) गेम लावला की तर गेमला स्वतःची वेगळीच खोली मिळते आणि डेस्कटॉपवरचं टूल तिच्यात डोकावू शकत नाही. तीन वेगवेगळी लक्षणं वाटतात पण प्रश्न एकच, दोघं एकाच खोलीत आहेत का?

वेलँडच हवं असेल तर माझं मत स्पष्ट आहे, डेस्कटॉप केडीई घ्या, गनोम नको. केडीईच्या सेटिंगमध्ये जुन्या एक्स११ ॲपना बाहेरच्या कीसुद्धा ऐकू द्यायच्या का याचा सरळ पर्याय आहे, खिडकी कायम वर ठेवायचे नियम बनवता येतात, आणि ओव्हरलेसाठी लागणारा, खिडकीला ठरावीक थरावर बसवू देणारा लेअर-शेल प्रोटोकॉल आहे. गनोममध्ये लेअर-शेल नाही. दिसायला गनोम छान आहे, पण या कामाला नाही.

आणि एक गोष्ट, तुमचं टूल फक्त लॉग वाचत असेल तर वरचं सगळं सोडून द्या. एलिट डेंजरससाठीची बरीच टूल्स गेमने लिहिलेली जर्नल (लॉग) फाइल वाचतात, त्यांना ना खिडकी लागते ना हॉटकी, सेशन कुठलंही चालेल. तिथे अडचण फक्त फोल्डर न सापडण्याची. स्टीमच्या कॉम्पॅटडेटा फोल्डरमध्ये ३५९३२० नावाचं फोल्डर शोधा, आत सी ड्राइव्ह, मग स्टीमयूझरचे सेव्ह्ड गेम्स. स्टीम फ्लॅटपॅकवाला (बंदिस्त डब्यात चालणारं पॅकेज) असेल तर हे सगळं घरच्या फोल्डरमधल्या लपवलेल्या डॉट-व्हार मध्ये जातं, आणि टूलही फ्लॅटपॅक असेल तर फ्लॅटसील या परवानग्यांच्या ॲपमधून परवानगी दिल्याशिवाय ते बघूच शकत नाही. म्हणून मी स्टीम कधीच फ्लॅटपॅकमधून टाकत नाही. टूल विंडोजचं ईएक्सई असून गेमच्या प्रोसेसशी बोलणारं असेल तर ते गेमच्याच प्रीफिक्समध्ये (गेमसाठी बनवलेलं नकली विंडोजचं फोल्डर) प्रोटॉनट्रिक्स या टूलने चालवा, वेगळ्या वाइनमध्ये नाही.

मग डिस्ट्रोचा संबंध येतो तो फक्त इथे, की तो कुठलं सेशन देतो. फेडोरा ४३ आणि उबुंटू २५.१० मध्ये गनोमचं एक्स११ सेशन काढून टाकलंय. केडीईनेही जाहीर केलंय की त्यांच्या डेस्कटॉपची आवृत्ती प्लाझ्मा ६.८ फक्त वेलँडचा असेल. मिंटचा सिनॅमन डेस्कटॉप मात्र अजून मुळातच एक्स११ वर चालतो, वेलँड तिथे प्रयोग म्हणून आहे. त्यामुळे एकच मॉनिटर आहे आणि ओव्हरले आजच्या आज हवाय तर मिंट सिनॅमन टाका, बाकी कुणाचं ऐकू नका. एचडीआर हवं असेल किंवा दोन मॉनिटर वेगवेगळ्या रिफ्रेश रेटचे असतील तर एक्स११ मध्ये हाल होतात, तिथे केडीई वेलँड घ्या आणि टूल-गेम दोन्ही एक्सवेलँडमध्ये ठेवा, मी स्वतः असंच वापरते. आणि डिस्ट्रो पुसायच्या आधी निदान एकदा सिस्टिम माहितीच्या पानावर जाऊन बघा की तिथे एक्स११ लिहिलंय का वेलँड, अर्धा मिनिट लागतो.