अवांतर माग सोडवणे (शिकारी श्वान)

ठरवलेले जनावर सोडून हरीण, ससा, मेंढी किंवा वाटेत आडव्या आलेल्या दुसऱ्याच प्राण्यामागे धावण्याची शिकारी कुत्र्याची खोड मोडण्याचे शिक्षण. इंग्लंडमधील हाउंड (कळपाने माग काढणारे शिकारी कुत्रे) पाळणारे या खोडीला ‘रायट’ म्हणतात. अमेरिकेत रॅकूनची (रात्री हिंडणाऱ्या, झाडावर चढणाऱ्या एका लहान प्राण्याची) शिकार करणारे नको असलेल्या जनावराला ‘ट्रॅश’ म्हणतात आणि त्याच्याकडे ढुंकूनही न पाहणाऱ्या कुत्र्याला ‘स्ट्रेट’.

खोड म्हटले तरी यात कुत्र्याचा दोष नाही. माग काढण्यासाठीच त्याला पिढ्यान्‌पिढ्या निवडून वाढवलेले असते आणि हरणाचा माग तर अगदी ठळक. पांढऱ्या शेपटीच्या अमेरिकन हरणाला खुरांच्या बेचक्यात गंधग्रंथी असतात, मागच्या पायाच्या सांध्याच्या आतल्या बाजूलाही असतात. ते जिथे पाऊल टाकते तिथे वास मागे राहतो. शिवाय कोणता वास आपला आणि कोणता परका, हे माणसाने ठरवलेले असते. इंग्लंडमधल्या एक्समूर या माळरानावर, शिकारीला कायद्याने आळा बसण्यापूर्वी, लाल हरणांच्या शिकारीसाठी पाळलेल्या कुत्र्यांच्या कळपाने खोकडाचा माग धरला तर ती रायट. शेजारच्या, खोकडाच्या शिकारीसाठी पाळलेल्या कळपाने हरीण धरले तर तीही रायटच. (इंग्लंडमधल्या ‘फॉक्स’ला मराठीत सर्रास कोल्हा म्हटले जाते. कोल्हा हा निराळा प्राणी आहे, म्हणून येथे खोकड हाच शब्द वापरला आहे.)

इंग्लिश पद्धतीत हे शिक्षण शिकारीच्या कितीतरी आधी सुरू होते. साधारण दोन महिन्यांची पिल्ले आसपासच्या शेतकऱ्यांच्या घरी वाढायला देतात. कोंबड्या, मांजरे, मेंढ्या यांच्यात वावरत ती वर्षभराची होतात आणि मगच कळपात परततात. नवख्या कुत्र्याचा पट्टा छोट्या साखळीने एखाद्या मुरलेल्या कुत्र्याच्या पट्ट्याला जोडतात. दोघांच्या मानांत वीतभरच अंतर असते. मेंढ्या दिसल्या की पोरगे झेपावते, म्हातारा तसाच चालत राहतो आणि झेप जागच्या जागी आवरली जाते. उन्हाळ्यात सगळा कळप आधी सायकलींबरोबर, पुढे घोड्यांबरोबर मैलोन्‌मैल फिरवतात. मेंढ्यांच्या कुरणांतून, शक्य असेल तिथे पाळीव हरणांच्या राखीव बागेतूनही नेतात. रोज शेजारून जाणाऱ्या हरणाचे कौतुक हळूहळू ओसरते. या सगळ्या शिक्षणाचे मर्म या सवयीत आहे. चाबकाने कुत्रा त्या दिवसापुरता थांबेल, पण ओळखीच्या झालेल्या जनावराची ओढ त्याला पुन्हा सहसा लागत नाही.

चाबूक मात्र असतोच. कळपाच्या कडेने घोड्यावरून फिरणारा ‘व्हिपर-इन’ भरकटणाऱ्या कुत्र्याला नावाने हाक मारतो, ‘वेअर रायट’ असे दरडावतो आणि गरज पडली तर चाबूक कडाडवतो. आपल्याकडे आमदारांना जो ‘व्हिप’ बजावला जातो, तो शब्द याच माणसावरून ब्रिटिश संसदेत आणि तिथून आपल्या विधिमंडळांत आला. इतके करूनही न सुधारणारा कुत्रा कळपातून काढून टाकतात, कारण एकाने चुकीच्या मागावर आवाज दिला की बाकीचे त्याच्यामागे धावत सुटतात.

नुसत्या धाकाचे काय होते याचा एक किस्सा पीटर बेकफर्ड यांनी शिकारीवरील आपल्या पत्रांत (१७८१) सांगितला आहे. एका उमरावाचे कुत्रे मेंढ्या मारत. त्यांना अद्दल घडावी म्हणून त्याने एक दांडगा एडका कुत्र्यांच्या घरात सोडला. आधी एडक्याने शिंगांनी आणि नोकरांनी चाबकांनी कळपाची दाणादाण उडवली. मग एडका आणि कुत्रे एकत्र ठेवून माणसे निघून गेली. उमराव मोठ्या हौसेने मित्राला ती गंमत दाखवायला घेऊन आला, तेव्हा एडका खाऊन संपला होता आणि पोटभर जेवलेले कुत्रे झोपले होते.

अमेरिकेत या प्रश्नाला वेगळीच धार आली. विसावे शतक सुरू होताना तिथे पांढऱ्या शेपटीची हरणे जेमतेम पाच लाखांच्या आत उरली होती. शतक संपेपर्यंत ती तीन कोटींच्या आसपास गेली. रॅकूनची शिकार रात्री होते. ब्लूटिक, रेडबोन, ट्रीइंग वॉकर, प्लॉट या जातींचे कुत्रे काळोखात सोडले की मालकाजवळ उरतात फक्त कान. मागावर असताना आवाज लांबलचक येतो, रॅकून झाडावर चढला की कुत्रा बुंध्याशी उभा राहून भराभर तुटक भुंकू लागतो. मागावरचा आवाज कुठेही न अडखळता सरळ दूर जात राहिला आणि डोंगराआड विरला, तर हरीण धरले असे समजायचे. अनेक राज्यांत कुत्र्यांनी हरणामागे धावणे बेकायदा आहे. दक्षिणेतल्या काही भागांत हरणाची शिकारच कुत्र्यांनी करतात, तिथे ही खोड खोड ठरत नाही.

जुन्या शिकाऱ्यांपैकी काही जण कुत्र्याला हरणाच्या कातड्यासह पिंपात घालून गडगडवत. तो निव्वळ छळ होता. आता बाटलीबंद हरणगंध आणि विजेचा झटका देणारा गळ्यातला पट्टा वापरतात. कुत्रा खात्रीने हरणाच्या मागावर असतानाच बटण दाबायचे, हा त्यातला पहिला नियम. क्षणाची चूक झाली तर कुत्रा तो झटका झाडाशी, रॅकूनशी किंवा मालकाशी जोडतो आणि चांगले जनावर कायमचे बिथरते. वेल्समध्ये २०१० पासून अशा पट्ट्यांवर बंदी आहे.

स्कॉटलंडने २००२ मध्ये, तर इंग्लंड-वेल्सने २००४ च्या कायद्याने कुत्र्यांकरवी होणाऱ्या खोकडाच्या शिकारीला आळा घातला. दुसरा कायदा फेब्रुवारी २००५ मध्ये अमलात आला. तेव्हापासून इंग्लंड-वेल्समधील कळपांनी माणसाने जमिनीवर ओढून ठेवलेल्या वासावर धावणे अपेक्षित आहे. त्यामुळे पूर्वी जे सावज होते तेच आता रायट झाले आहे.

भारतात उटकमंडच्या (आजच्या उटीच्या) माळांवर इंग्रजांनी असे कळप कोल्ह्यामागे सोडले. शोलांच्या (डोंगरघळींतल्या दाट रानांच्या) झाडीत सांबर असल्यामुळे अडचण तीच होती. आपले कारवान आणि मुधोळ कुत्रे डोळ्यांनी पाहून धावणारे. त्यांच्या बाबतीत सावज ओळखून पट्टा सोडणे माणसाच्या हातात असे, म्हणून वासाच्या मागावरून परतवण्याचे हे शिक्षण त्यांच्याकडे फारसे रुजले नाही. त्याची खरी गरज आज वनविभागांच्या श्वानपथकांना पडते. महाराष्ट्रातही अशी पथके आहेत. वाघाचे कातडे, हाडे हुंगून काढणाऱ्या या कुत्र्यांना जंगलात जागोजाग ताजे माग लागतात. समोरून चितळांचा कळप उधळला तरी नाक नेमून दिलेल्या वासावरच ठेवावे लागते, आणि ते साधल्यावर खाऊ किंवा चेंडू मिळतो.